मलावीला जोडीनं सेवेला जाताना

साठी उलटल्यावर मिशनसेवेला आफ्रिकेतल्या मलावी देशात जायचं ठरलं असेल, तर सामान बांधायच्या आधी चिचेवा भाषेतले दोन शब्द पाठ करा: ‘मुली ब्वांजी?’ म्हणजे कसे आहात? तिथल्या ब्लँटायर शहरात दुकानदारालाही आधी हे विचारायचं, मग साखर मागायची. आम्ही नगरची माणसं, थेट कामाचं बोलणारी. मला ही सवय लागायला महिना गेला. हात मिळवताना डावा हात उजव्या हाताला टेकवा, त्यात मान असतो.

तुम्हाला ‘अगोगो’ म्हणतील, म्हणजे आजी किंवा आजोबा. आनंदानं ओ द्या.

मैत्री मात्र चुलीपाशीच होते. शेजारीण जेवायला बोलावेल तेव्हा नक्की जा. आधी ती तुमच्या हातावर पाणी घालेल. मग न्सिमा येतो, मक्याच्या पिठाचा घट्ट, पांढरा गोळा. चमचा मागू नका. उजव्या हातानं घास मोडायचा, तळव्यात वळायचा, अंगठ्यानं खोलगट करायचा आणि त्यात पालेभाजी उचलायची. त्या भाजीत दाण्याचं कूट असतं! पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले, आईचीच भाजी वाटली.

औषधं जास्तीची न्या, रोज मच्छरदाणीतच झोपा. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा छत्री हवीच.

आणि पाहुणे निघाले की दारातून निरोप देऊ नका. चपला घाला, थोडं अंतर त्यांच्यासोबत चाला. आमचे हे तर पार बसथांब्यापर्यंत जातात.