कॅलेंडरमध्ये कोडने बुकिंग टाकताय? या चुका टाळा

मालवण-तारकर्लीकडे होमस्टे किंवा स्कूबाचं बुकिंग आलं की कोडने ते थेट गूगल कॅलेंडरमध्ये टाकता येतं. सोय मोठी आहे, पण नोंद चुकली तर पाहुणे किनाऱ्यावर ताटकळतात आणि बोटवाल्याला पत्ताच नसतो.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर चालतो. सकाळी ८ चं डायव्हिंग ‘०८:००:००झेड’ असं गेलं की कॅलेंडरवर दुपारी १:३० दिसतं, कारण तो ‘झेड’ म्हणजे यूटीसी आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. ‘झेड’ काढून वेळेच्या शेवटी +०५:३० लिहा. रोज किंवा दर आठवड्याला होणाऱ्या नोंदीत टाइमझोनही ‘एशिया/कोलकाता’ असा पूर्ण लिहा. नुसतं ‘आयएसटी’ नको, इस्रायल आणि आयर्लंडही तीच अक्षरं वापरतात.

जावास्क्रिप्टवाल्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणून डिसेंबर म्हणजे ११. आणि तारीख मराठी लोकेलमध्ये, म्हणजे मराठी भाषेच्या सेटिंगने फॉरमॅट केली तर आकडे देवनागरीत येतात. पाहुण्याच्या मेसेजमध्ये ते छान दिसतात, कोडकडून नोंद घेणाऱ्या गूगलच्या एपीआयला मात्र चालत नाहीत.

पूर्ण दिवसाच्या नोंदीत शेवटची तारीख धरली जात नाही. पाहुणे १२ ला येऊन १४ ला निघणार असतील तर शेवट १४ च द्या, दोन रात्री बरोबर अडतात. पण जत्रेसाठी १२ ते १४ घर बंद ठेवायचं असेल तर १५ द्यावी लागते. ही चूक सहसा उशिरा लक्षात येते, तोवर १४ चं बुकिंग कुणीतरी घेतलेलं असतं.

आता रेंजचं. पावसात नेट गेलं, उत्तर आलं नाही, म्हणून कोडने तीच नोंद पुन्हा पाठवली की एका खोलीची दोन बुकिंगं दिसतात. यावर उपाय एकच: नोंदीचा आयडी बुकिंग नंबरवरून तुम्हीच ठरवा. मग दुसऱ्या वेळी ४०९ एरर येते, म्हणजे पहिली नोंद पोचली आहे. त्या आयडीत फक्त ‘ए’ ते ‘व्ही’ ही लहान लिपीतली अक्षरं आणि आकडे चालतात, लांबी किमान ५. मधे डॅश टाकलात तर नोंद नाकारली जाते. तारीख बदलली तर त्याच आयडीची नोंद अपडेट करा, नवी बनवू नका.

आयसीएस, म्हणजे कॅलेंडरची नोंद पाठवायची फाइल बनवत असाल तर लायब्ररीच (तयार कोड) वापरा. त्यात ओळ ७५ बाइटपर्यंत ठेवायची असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. हाताने तोडायला गेलात तर ‘तारकर्ली’ मधेच फुटून चौकोन दिसतात.