कोणत्या क्वेरीचं उत्तर कॅशेत ठेवायचं, कोणतं नाही

साइट मंदावली की कोणीतरी म्हणतंच, "कॅशे लावून टाका." कॅशे म्हणजे क्वेरीचं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं, उत्तर साठवून पुढच्या वेळी तेच देणं. तो लावलाही जातो. आठवडाभर सगळे खूश. मग पहिली तक्रार येते: किंमत बदलली, पण पानावर जुनीच दिसतेय. कोणीतरी अख्खा कॅशे रिकामा करतं, आणि पुढे दर तक्रारीवर तोच उतारा चालू राहतो. हे टाळायचं तर कॅशे मुळात बंद आहे असं धरून चला आणि एकेक क्वेरी पारखून आत घ्या.

सरसकट कॅशे मायएस्क्यूएल या डेटाबेसमध्ये होता की. क्वेरीचा मजकूर अक्षर न् अक्षर जुळला तर साठवलेलं उत्तर मिळायचं. पण टेबलात एक ओळ जरी बदलली, तरी त्या टेबलावरची साठवलेली सगळी उत्तरं बाद व्हायची. सतत लिहिल्या जाणाऱ्या टेबलांवर त्याचा जाच जास्त व्हायचा. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीत तो काढूनच टाकला. डेटाबेसला टेबल कळतं. किंमत पाच मिनिटं शिळी चालेल का, हे त्याला कुठून कळणार? ते ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यानंच ठरवायचं.

आधी मोजा

बरेच जण स्लो क्वेरी लॉग, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेऱ्यांची नोंद, उघडून सुरुवात करतात. मायएस्क्यूएलमध्ये त्याची मूळ मर्यादा १० सेकंद असते, त्यामुळे खरा गुन्हेगार तिथे सापडतच नाही. समजा एक क्वेरी ४० मिलिसेकंदांत होते, पण मिनिटाला ५०० वेळा येते. म्हणजे दर मिनिटाला डेटाबेसची २० सेकंदं तिच्यात गेली. दुसरी तीन सेकंद घेते, पण दिवसातून एकदाच, रिपोर्टसाठी. कॅशे हवा तो पहिलीला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे एक्स्टेंशन (जोड-सुविधा) चालू करा, ते प्रत्येक क्वेरी किती वेळा आली आणि एकूण किती वेळ खाल्ला हे दाखवतं. यादी एकूण वेळेप्रमाणे लावा आणि वरच्या दहा क्वेऱ्या घ्या.

त्या दहांवर एक्सप्लेन चालवून बघा, डेटाबेस उत्तर कसं शोधतो ते त्यात दिसतं. इंडेक्स, म्हणजे शोध झटपट करणारी सूची, टाकल्यावर जी क्वेरी दोन मिलिसेकंदांवर येते, तिला कॅशे कशाला? इंडेक्स शिळा होत नाही.

मग प्रत्येकीला दोन प्रश्न

पहिला: हे उत्तर किती शिळं चालेल? "शक्यतो ताजं हवं" हे उत्तर नव्हे, आकडा हवा. विभागांची यादी तासभर चालेल, "सर्वाधिक वाचलेले लेख" पाच मिनिटं. खात्यातली शिल्लक आणि वापरकर्त्याचे अधिकार यांना शून्य मिनिटं, म्हणजे यादीतून बाद. काढून घेतलेला अधिकार कॅशेत दहा मिनिटं जिवंत राहिला तर ती सुरक्षेची चूक झाली.

काही गोष्टी दोन्हीकडे असतात. वस्तू शिल्लक आहे का, हे यादीच्या पानावर कॅशेतून दाखवा, पण पैसे घेताना डेटाबेसलाच विचारा. एकच माहिती, पण दाखवायला वेगळी वाट आणि व्यवहाराला वेगळी.

दुसरा: या टेबलात कोण कोण लिहितं? सगळं लिहिणं तुमच्याच कोडमधून जात असेल, तर बदल झाला की कॅशे पुसता येतो. पण रात्री एखादी स्क्रिप्ट थेट डेटाबेसमध्ये किमती भरत असेल, तर तुमच्या कोडला त्याचा पत्ताच लागत नाही. तिथे मुदत, म्हणजे टीटीएल, तोकडी ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

की बनवताना कंजूषपणा नको

की म्हणजे कॅशेत उत्तर ज्या नावाखाली साठवतो ते नाव. एकदा मी "माझ्या ऑर्डर्स" या पानाची क्वेरी कॅशे केली. कीमध्ये पानाचा क्रमांक घातला, वापरकर्त्याचा विसरलो. माझ्या मशीनवर मी एकटाच लॉगिन, त्यामुळे सगळं झकास चाललं. खऱ्या सर्व्हरवर गेल्यावर पहिल्या माणसाच्या ऑर्डर्स पुढच्या सगळ्यांना दिसू लागल्या. दहा मिनिटांत परत घेतलं, पण ती दहा मिनिटं अजून आठवतात.

तेव्हापासून नियम साधा आहे. क्वेरीच्या अटीत येणारं प्रत्येक मूल्य कीमध्ये गेलंच पाहिजे, आणि अटीत न दिसणारंही: भाषा, वापरकर्त्याची भूमिका, क्रमवारी. वरच्या उदाहरणात की अशी हवी होती: "ऑर्डर्स:आवृत्ती२:वापरकर्ता४१२:मराठी:पान३". आवृत्तीचा आकडा अशासाठी की उद्या त्या उत्तरात एक रकाना वाढला, तर नवा कोड जुनं उत्तर उचलून अडखळायला नको. आकडा वाढवला की जुन्या नोंदी आपोआप अडगळीत. की फार लांबली तर तिचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेली ठरावीक लांबीची खूण, वापरा, कारण मेमकॅश्ड या कॅशे सर्व्हरमध्ये कीची कमाल लांबी २५० बाइट असते.

पुसण्याची वेळ

इथे सगळ्यात जास्त जण घसरतात. क्रम असा: डेटाबेसमध्ये बदल, ट्रान्झॅक्शन कमिट (म्हणजे बदल पक्का होणं), आणि नंतर की पुसणं. कमिटच्या आधी पुसलीत, तर त्या फटीत दुसरी विनंती येते, कॅशे रिकामा बघते, डेटाबेसमधून अजून जुनीच किंमत वाचते आणि कॅशेत परत ठेवून देते. आता ती कोणी पुसणार नाही. कॅशेत नवी किंमत थेट लिहायचा मोहही टाळा. दोन बदल एकदम आले तर उलट्या क्रमाने लिहिले जाऊ शकतात.

योग्य क्रम पाळूनही क्वचित असं होतं, विशेषतः वाचन मागे पडलेल्या रेप्लिकावरून, म्हणजे डेटाबेसच्या प्रतीवरून, होत असेल तर. म्हणून पुसण्याची सोय असली तरी टीटीएल द्याच. सगळ्यांना तोच टीटीएल मात्र नको. एकदम भरलेल्या नोंदी एकदमच संपतात आणि सगळा लोंढा डेटाबेसवर येतो. ३०० सेकंदांत शून्य ते ३० कोणतीही संख्या मिळवली की ते विखुरतं. एकच की खूप मागणीची असेल, तर ती संपल्यावर एकाच विनंतीला नवं उत्तर आणू द्या, बाकीच्यांना क्षणभर जुनं द्या.

रिकामं उत्तरही साठवा, थोड्या वेळासाठी. नसलेल्या क्रमांकाची वस्तू कोणी वारंवार मागत राहिलं, तर "नाही" हे उत्तर प्रत्येक वेळी डेटाबेसकडूनच येत राहतं.

लावल्यानंतर

रेडिस हा कॅशे सर्व्हर वापरत असाल तर मेमरीची मर्यादा घालताना जुन्या नोंदी काढण्याचं धोरणही निवडा. मूळ धोरण काहीच न काढण्याचं आहे. जागा भरली की नवं लिहिणं नाकारलं जातं.

किती विनंत्या कॅशेतून भागल्या हे प्रत्येक क्वेरीच्या नावानिशी मोजा. एकूण आकडा फसवा असतो: विभागांची यादी ९९ टक्के भागते आणि तिच्या आड शोधाच्या पानाची क्वेरी लपते, जिथे प्रत्येकजण वेगळाच शब्द टाकतो आणि साठवलेलं उत्तर दुसऱ्यांदा कोणी मागतच नाही. अशी क्वेरी दिसली की तिचा कॅशे काढून टाका. जागा मोकळी होते आणि पुसण्याची एक जबाबदारी कमी होते.