व्हरमाँटच्या हिवाळ्यात विस्तव रात्रभर कसा टिकवावा

एसेक्स जंक्शनच्या चिप कारखान्यात किंवा बर्लिंग्टनच्या विद्यापीठात नोकरी लागून अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आलेली मराठी कुटुंबे सुरुवातीला भाड्याच्या सदनिकेत राहतात आणि पुढे गावाबाहेर एखादे जुने घर घेतात. अशा घराच्या दिवाणखान्यात ओतीव लोखंडाचा किंवा पोलादाचा वूडस्टोव्ह, म्हणजे लाकूड जाळून घर तापवणारी बंद पेटी, पुष्कळदा आधीपासूनच बसवलेला असतो. पारा उणे २० अंश सेल्सिअसकडे उतरू लागला की तो शोभेचा राहत नाही. १९९८ च्या जानेवारीत गोठत्या पावसाने या राज्याच्या उत्तर भागातल्या आणि शेजारच्या कॅनडातल्या क्वेबेकमधल्या विजेच्या तारा पाडल्या, तेव्हा कित्येक घरे दिवसच्या दिवस अंधारात होती. आणि घर तापवणाऱ्या, तेलावर किंवा गॅसवर चालणाऱ्या भट्टीलाही पंखा फिरवायला वीज लागतेच. म्हणून नव्याने आलेल्या लोकांना जो प्रश्न पहिल्याच थंडीत पडतो, त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहे: रात्री दहाला काठोकाठ भरलेला स्टोव्ह पहाटे थंडगार का सापडतो?

बहुतेकांना वाटते की हवेची झडप पुरती बंद केली की लाकूड हळूहळू जळेल आणि सकाळपर्यंत पुरेल. हा समज घातक आहे. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि लाकडातल्या एकूण उष्णतेचा मोठा भाग त्या वायूंतच असतो. ते पेटण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी हवा, दोन्ही लागतात. हवा कोंडली की ते न जळताच धूर होऊन वर जातात आणि चिमणीच्या थंड भिंतींवर डांबरासारखे चिकटतात. या थराला क्रिओसोट म्हणतात, आणि तो पेटला की चिमणीतच आग लागते. म्हणजे धुमसणाऱ्या स्टोव्हमध्ये लाकूड जास्त वेळ पडून राहते खरे, पण घर तापत नाही आणि धोका मात्र वाढतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये वूडस्टोव्हच्या धुरावर पहिल्यांदा मर्यादा घातली आणि मे २०२० पासून नव्या स्टोव्हसाठी ती ताशी २ ग्रॅम, खऱ्या फोडलेल्या सरपणावर चाचणी केली असल्यास २.५ ग्रॅम, इतकी कडक केली. त्यामुळे आजच्या स्टोव्हमध्ये वरच्या बाजूच्या नळ्यांतून तापलेली हवा सोडून धूर आतच जाळतात, किंवा कॅटॅलिस्टची (उत्प्रेरकाची) जाळी बसवून तो सुमारे २६० अंशांनाच पेटवतात. कॅटॅलिस्ट असलेला स्टोव्ह याच कारणाने मंद आचेवरही स्वच्छ जळतो. रात्रभराच्या धगीसाठी नवा स्टोव्ह घेणार असाल तर माझे मत त्याच्याच बाजूने आहे. ती जाळी काही वर्षांनी बदलावी लागते, हा खर्च मात्र आधीच धरून चालावे.

तरीही स्टोव्हपेक्षा सरपण महत्त्वाचे आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो आणि नवे लोक तेवढेच विसरतात. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असू शकते. ते पाणी वाफ होऊन जाईपर्यंत पेटीतली उष्णता त्यातच खर्ची पडते, वायू पेटण्याइतके तापमान चढत नाही आणि विस्तव जिवंत ठेवण्यासाठी झडप उघडीच ठेवावी लागते. झडप उघडी राहिली की रात्र पुरत नाही. लाकडातली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली असेल, तरच हवा बरीच कमी करूनही ज्वाळा टिकून राहते. आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र इथल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण ते ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाला लावून उपयोग नाही. ओंडका घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, कुऱ्हाडीने फोडावा आणि ताज्या उघड्या झालेल्या अंगावर, रेषांच्या दिशेने, यंत्राच्या सुया टोचून आकडा पाहावा. विक्रेता ‘सीझन्ड’ (वाळवलेले) म्हणून विकतो ते लाकूड पुष्कळदा केवळ वसंतात तोडून ढिगात टाकलेले असते. गाडी रिकामी होण्याआधी दोन-तीन ओंडके फोडून पाहण्यात काही गैर नाही, आणि चांगला विक्रेता त्याचा राग मानत नाही.

कोणते लाकूड घ्यावे, याचे उत्तर वजनात आहे. सारख्या वाळलेल्या एक किलो पाइनमध्ये आणि एक किलो मेपलमध्ये उष्णता जवळपास सारखीच असते, परंतु पेटीत जागा ठरलेली असल्यामुळे जड लाकूड तेवढ्याच जागेत अधिक इंधन बसवते आणि मागे टणक निखारे ठेवते. शुगर मेपल, बीच, येलो बर्च, ॲश आणि रेड ओक ही इथली रात्रीची लाकडे. ॲशमध्ये मुळातच पाणी कमी असल्याने ते फोडल्यावर साधारण वर्षभरात तयार होते. ओकला दोन वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. पाइनला नावे ठेवू नयेत: विस्तव पेटवायला आणि शरद ऋतूतल्या सौम्य संध्याकाळी ते उत्तम आहे. सरपण आसपासच्याच गावातून घ्यावे, कारण ॲशची झाडे मारणारा एमराल्ड ॲश बोरर हा किडा २०१८ मध्ये व्हरमाँटमध्ये आढळला आणि अशा किडी लाकडाबरोबरच प्रवास करतात. दुसऱ्या राज्यातून उष्णतेची प्रक्रिया न केलेले सरपण आणायला येथे बंदी आहे.

सरपण कॉर्डने विकतात. एक कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब रास, एकूण १२८ घनफूट. ‘फेस कॉर्ड’ म्हणून जे देतात, ती १६ इंची ओंडक्यांची एकच ओळ असते, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. भाव विचारताना हे नीट विचारून घ्यावे. आल्यावर पहिले काम म्हणजे ते जमिनीपासून उचलून रचणे. खाली लाकडी पॅलेट, वारा आरपार जाईल अशी एकेरी ओळ, वर फक्त माथ्यावर पत्रा किंवा ताडपत्री, बाजू उघड्या. सगळी रास प्लॅस्टिकने जमिनीपर्यंत गुंडाळून ठेवली तर आतली ओल आतच राहते आणि वर्षभराची वाट पाहणे वाया जाते.

आता प्रत्यक्ष रात्रीची भरणी. चुलीत लांब लाकूड पुढे सरकवत राहायचे असते आणि दर थोड्या वेळाने फुंकर घालायची असते. ती सवय येथे सोडावी लागते, कारण ही बंद पेटी एकदाच भरायची आणि पुन्हा दार उघडायचे नाही. झोपण्यापूर्वी तास-दोन तास आधी नवे लाकूड घालणे थांबवून विस्तव निखाऱ्यांवर येऊ द्यावा, म्हणजे पेटीत जागा होते. निखारे पळीने पुढे, हवा जिथून येते त्या बाजूला ओढावेत. मागे आणि तळाशी सर्वांत जाड फोडी, शक्य तो १५ सेंटिमीटर किंवा अधिक जाडीच्या, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात आणि फटींत लहान तुकडे बसवावेत. लहान फोडींना पृष्ठभाग जास्त असल्याने त्या एकदम वायू सोडतात आणि दोन तासांत सगळा खेळ संपतो. वरच्या नळ्यांना किंवा जाळीला लाकूड टेकू देऊ नये. मग हवा पूर्ण उघडून दहा-पंधरा मिनिटे, फोडींच्या कडा काळ्या पडून नीट पेटेपर्यंत, समोरून हलू नये. त्यानंतर झडप टप्प्याटप्प्याने लावत यावे: थोडी कमी करावी, पाच मिनिटे पाहावे, पुन्हा थोडी कमी करावी. पेटीच्या वरच्या भागात आळसावलेल्या, सावकाश लहरणाऱ्या ज्वाळा दिसल्या की योग्य जागा सापडली असे समजावे. ज्वाळा विझल्या आणि काच काळवंडू लागली, तर हवा फार कमी झाली आहे किंवा लाकूड ओले आहे. कॅटॅलिस्टचा स्टोव्ह असल्यास जाळी काम करू लागते त्या पट्ट्यात तापमापकाचा काटा आल्यावरच बायपास, म्हणजे धूर जाळीला वळसा घालून थेट चिमणीत सोडणारी झडप, बंद करावा.

तळाची राख रोज पूर्ण काढू नये. दोन-तीन सेंटिमीटरचा थर निखाऱ्यांना सकाळपर्यंत जपतो. रात्री निखारे राखेत दडपून सकाळी त्याच विस्तवावर चूल पेटवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे चांगले ठाऊक होते. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या बादलीत, घराबाहेर, लाकडी ओट्यापासून दूर ठेवावी. तिच्यातला एखादा निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो.

अपेक्षा किती ठेवावी, हे गणिताने पाहिलेले बरे. ३ घनफुटांच्या पेटीत सुमारे १८ किलो वाळलेले कठीण लाकूड मावते. किलोमागे ४ युनिट (किलोवॉट-तास) धरले तर ७२ युनिट उष्णता होते, आणि स्टोव्हची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर घराला ५४ युनिट मिळतात. ती दहा तासांवर पसरली की सरासरी ५.४ किलोवॉट होते. गळक्या खिडक्यांच्या जुन्या घराला कडक थंडीत हे पुरत नाही, मग माणूस नाइलाजाने झडप उघडतो आणि दहा तासांचे सहा तास होतात. म्हणून माळ्यावर इन्सुलेशन घालणे आणि फटी बुजवणे हाही विस्तव लांबवण्याचाच उपाय आहे, आणि माझ्या मते नव्या स्टोव्हच्या आधी करावा असा. माहितीपत्रकातले तास शेवटचा निखारा मोजून लिहिलेले असतात. उपयोगी धग त्याहून कमी वेळ मिळते.

एवढे सारे करूनही विस्तव झपाट्याने संपत असेल, तर हवा चोरवाटेने आत येत आहे का ते तपासावे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निसटली तर दाराभोवतीची दोरी बदलण्याची वेळ झाली आहे. फार उंच चिमणीची ओढही थंड रात्री वाढते, आणि तिथे धुराच्या नळीत वेगळी झडप बसवावी लागते. हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. चिमणी वर्षातून एकदा तपासून साफ करून घेण्यात आणि घरात धुराचे व कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म चालू ठेवण्यात कोणतीही सवलत नाही. घर घेताना स्टोव्हची माहिती विमा कंपनीलाही द्यावी.

जे ऑक्टोबरात घरात राहायला आले आहेत आणि ज्यांना आता कोरडे सरपण मिळतच नाही, त्यांनी यंदा भुसा दाबून केलेल्या विटा आणाव्यात. त्या कोरड्या असतात. त्या घरातच साठवाव्यात, स्टोव्हच्या पुस्तिकेत सांगितल्याहून जास्त एका वेळी घालू नयेत, आणि बाकीच्या रात्री भट्टीवर काढाव्यात. पुढच्या आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्याचे लाकूड मात्र बर्फ वितळताच, मार्च-एप्रिलमध्ये मागवून फोडून रचून टाकावे.