कथाकथन मार्गदर्शन उपक्रमाचे पहिले सत्र : या चुका टाळा

तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना गोष्ट सांगायला शिकवणारे आणि प्रत्येकामागे एक मार्गदर्शक देणारे उपक्रम आता तालुक्याच्या गावांतही सुरू होत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्यांच्या पहिल्या सत्रात त्याच त्या चुका होताना पाहून जीव तुटतो. पहिल्या दिवशी मुलाने गोष्ट चांगली सांगावी, ही अपेक्षाच ठेवू नये. आपण बोललेले येथे कोणीतरी लक्ष देऊन ऐकते, एवढे त्याला त्या दिवशी समजले तरी पुष्कळ झाले.

सर्वांत घातक चूक म्हणजे मुलाची भाषा दुरुस्त करणे. मराठवाड्यातील एका वाचनालयात मी संयोजक असताना नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि हाताने दोर ओढल्यासारखे करत म्हणाली, "हिरीत पानी लई खोल व्हतं. पोहरा पडला तवा आज्जीनं गळ टाकला, अन् वर आली ती घागर, ती बी आमची नव्हती." विहिरीत पडलेले भांडे काढायला दोराला बांधून सोडतात तो लोखंडी आकड्यांचा गळ आजच्या किती मुलांनी पाहिला असेल? सगळी खोली पुढे झुकून ऐकू लागली होती. तेवढ्यात तिच्याच मार्गदर्शकाने तिला थांबवले : "हिरीत नाही, विहिरीत. पानी नाही, पाणी. पुन्हा सुरुवात कर." तिने पुन्हा सुरुवात केली. "एका गावात एक विहीर होती. तिच्यात मुबलक पाणी होते. गावातील लोक आनंदाने राहत होते." हात बाजूला गेले, दोर गेला, आजी गेली, आणि चार वाक्यांत गोष्ट संपवून ती खाली बसली. त्या मार्गदर्शकाचा हेतू वाईट नव्हता, पण मी मध्ये पडलो नाही, याची खंत मला अजून आहे. ती मुलगी पुढची सगळी सत्रे आली, परंतु प्रत्येक वेळी पाठ्यपुस्तकातलीच गोष्ट सांगत राहिली, आणि ती घागर कोणाची होती हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही.

तेव्हापासून मी पहिल्या सत्रात मार्गदर्शकांना एकच प्रश्न विचारण्याची मुभा देतो : "मग काय झालं?" मुलाच्या तोंडचा एखादा शब्द आपल्याला नवा वाटला, तर तो वहीत लिहून घ्यावा आणि सत्र संपल्यावर त्याचा अर्थ त्यालाच विचारावा. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार देत राहायचा, ही जुनी रीत आहे. ती मी पहिल्याच तासात मुलांकडून करून घेतो. दोघांच्या जोडीत एकाने तीन मिनिटे काहीही सांगायचे, दुसऱ्याने फक्त "हूं" म्हणायचे, आणि हुंकार थांबला की सांगणाऱ्यानेही थांबायचे. ऐकणे हे काम आहे, हे मुलांना यातून जितके पटते तितके कोणत्याही भाषणाने पटत नाही. ज्याला सुरुवातच सुचत नाही, त्याने श्रावणातल्या कहाण्यांप्रमाणे "आटपाट नगर होतं" म्हणून सुरुवात करावी आणि "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणून थांबावे. दोन्ही टोके हाताशी असली की मधले बोलायला धीर येतो.

"कथेचे पाच घटक" दाखवणारे पडद्यावरचे सादरीकरण पहिल्या दिवशी नको. तो सोपा मार्ग मार्गदर्शकाच्या सोयीचा असतो, मुलाच्या नव्हे.

दुसरी गंभीर चूक म्हणजे "तुझ्या आयुष्यातील सर्वांत दुःखाचा प्रसंग सांग" असे अनोळखी लोकांसमोर विचारणे. नवख्या मार्गदर्शकांना वाटते की कोणी रडले म्हणजे सत्र सार्थकी लागले. पहिल्या भेटीत मुलाचे दुःख उकरून काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नसतो. घरातली एखादी वस्तू, शाळेच्या वाटेवरचे झाड, हरवलेली चप्पल एवढे विषय पुरेसे आहेत. तरीही एखादे मूल आपण होऊन काही सांगू लागले, तर "हे या खोलीबाहेर जाणार नाही" असे वचन मात्र देऊ नये, कारण पॉक्सो कायदा, २०१२ याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. शांतपणे ऐकावे, खोदून विचारू नये, "मला हे योग्य माणसाला सांगावे लागेल" असे त्याला स्पष्ट सांगावे, आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक सर्व मार्गदर्शकांकडे सत्रापूर्वीच लिहून दिलेला असावा.

दोन तासांच्या सत्रातील पाऊण तास दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय आणि सत्कार यांत घालवू नये. ते सारे समारोपाला ठेवावे. खुर्च्यांच्या रांगा काढून गोलात सतरंजी अंथरावी. ध्वनिक्षेपक लावू नये, त्याने लाजरे मूल आणखी लाजते. पालकांच्या गटात टाकण्यासाठी पहिल्याच दिवशी चित्रफीत करण्याची घाई टाळावी, आणि छायाचित्र काढायचेच असेल तर पालकांची लेखी परवानगी आधी घेतलेली असावी.

मार्गदर्शकांच्या जोड्या आधीच ठरवून यादी वाचून दाखवणे, हाही मला न पटणारा प्रकार आहे. शेवटच्या दहा मिनिटांत मी प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी देतो आणि ज्यांच्याशी बोलायला बरे वाटले अशा दोघांची नावे लिहायला सांगतो. चिठ्ठ्या मी घरी नेऊन निवांत वाचतो, आणि जोड्या दुसऱ्या सत्रात जाहीर करतो.