जुना पीसी: काय बदलायचं, काय घ्यायचं आणि विकताना काय बघायचं

पीसी स्लो झाला की घरात लगेच दोन तट पडतात, एक म्हणतो नवीनच घ्या आता, दुसरा म्हणतो रॅम टाका की सुसाट पळेल. पैसे काढायच्या आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जा आणि नेहमीची कामं करत करत पाच-दहा मिनिटं बघत बसा. डिस्क सारखी १०० टक्क्याला चिकटत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, फरक पहिल्याच बूटला कळतो. मेमरी ९० टक्क्याच्या वर जाऊन बसत असेल तर रॅम कमी पडतेय. आणि दोन्ही निवांत पण सीपीयू (प्रोसेसर) पूर्ण भरलेला, तर आधी फॅन आणि हीटसिंकमधली (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा भाग) धूळ काढा, तरी तेच असेल तर मग त्या मशीनवर फार खर्च करू नका.

माझं गणित एकच आहे, जो पार्ट उद्या दुसऱ्या मशीनमध्ये सोबत नेता येईल त्यावर मोकळ्या हाताने खर्च करायचा. एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड, चांगला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) हे पुढे कामाला येतं. डीडीआर३ म्हणजे जुन्या पिढीची रॅम, जुन्या सॉकेटचा प्रोसेसर हे त्या मदरबोर्डासोबतच संपतं, विकताना त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. त्यामुळे असल्या वस्तू लागल्याच तर सेकंडहँड घ्या, नवीन नको.

एसएसडी घेताना सगळ्यात जास्त गोंधळ एम.२ चा होतो. एम.२ हा फक्त पट्टीसारख्या एसएसडीचा आकार आहे, त्यात साटा (जुनी, हळू पद्धत) पण येतात आणि एनव्हीएमई (नवी, जास्त वेगवान) पण, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपचा स्लॉट फक्त साटा घेतो, मग एनव्हीएमई नीट बसते पण मशीनला दिसतच नाही. बोर्डाचं किंवा लॅपटॉपचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर असतं, ते बघूनच ऑर्डर करा. स्लॉट नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी हार्डडिस्कच्या जागी सरळ बसते, स्पीड सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत, घरच्या वापराला भरपूर झालं.

रॅमचं पण तसंच, डीडीआर३, ४ आणि ५ ची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात बसत नाही, जोर लावू नका. कुठली आहे ते सीपीयू-झेड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली नाही ना हे पण बघून घ्या.

आता सेकंडहँड पीसी घेणाऱ्यांसाठी. ऑफिसमधून निघालेले डेस्कटॉप हल्ली सगळीकडे मिळतात आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात नुसतं "आय५" लिहिलेलं असतं. पूर्ण नंबर विचारा. आय५-२४०० म्हणजे दुसरी जनरेशन, २०११ चा, ४ कोअर. आय५-८४०० म्हणजे आठवी, २०१७ चा, ६ कोअर. दोन्ही आय५च, पण जमीन-अस्मानाचा फरक. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विकणारा म्हणेल मी ११ टाकून देतो, तसं टाकता येतं हे खरं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी गॅरंटी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पोरांचा अभ्यास आणि ब्राउझिंगपुरतं हवं असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका, मस्त चालतं, पण मग भाव त्या हिशोबाने पाडून घ्या.

समोर बसून चालू करायला लावा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग) जाऊन बघा, पासवर्ड मागितला तर उठून या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर चालवून डिस्कची हेल्थ आणि किती तास चाललीय ते बघा, हार्डडिस्कला रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (खराब झालेले किंवा होत असलेले भाग) शून्यापेक्षा जास्त दिसले तर ती डिस्क धरूच नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा आणि मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी वाचा. ग्राफिक्स कार्ड असेल तर जीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये ते खरं कुठलं आहे ते बघा, कारण जुन्या कार्डाचा बायोस (आतलं सॉफ्टवेअर) बदलून नव्या नावाने खपवतात. आणि छोट्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये नंतर मोठं कार्ड टाकू असा विचार असेल तर आधी झाकण उघडा, बऱ्याचदा एसएमपीएसला कार्डाची वेगळी पॉवर वायरच नसते आणि जागा पण नसते.

नवीन वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" हे ऐकायला मिळू शकतं. बिल घ्याच, आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, दुकानातून निघायच्या आधी बॉक्सवरच्या नंबरशी जुळवा. एसएसडीला ३ ते ५ वर्षं वॉरंटी असते, दोन वर्षांनी एसएसडी बिघडली तर सर्व्हिस सेंटरवाला आधी बिलच मागतो.

विकताना मशीनपेक्षा डेटाची काळजी जास्त घ्या. नुसतं फॉरमॅट करून देऊ नका, फाइल परत काढता येतात. ब्राउझर आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून साइन आउट करा, मग रिसेटमध्ये सगळं काढून ड्राइव्ह क्लीन करायचा ऑप्शन घ्या. बँकेची कागदं, घरचे फोटो असतील तर मी तरी डिस्क काढून ठेवायलाच सांगेन, यूएसबी केसमध्ये घातली की बॅकअपला वापरता येते आणि मशीन "डिस्कशिवाय" म्हणून विकता येतं.

पैसे घेताना डोकं शांत ठेवा. मी आर्मीत आहे, बदली झालीय, सामान न बघताच घेतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील, असा फोन आला की कट करा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवरून जाहिरात टाकली असेल तर त्यांना हे आधीच समजावून सांगा. आणि झालंच काही तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.