परदेशी कन्सल्टिंग अर्ज: ऑफिस कोणतं निवडायचं?

मॅनेजमेंट कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना आणि सरकारांना व्यवस्थापनाचा सल्ला देणाऱ्या फर्ममधल्या नोकरीच्या अर्जात शिक्षण, अनुभव, बायोडेटा सगळं भरून झालं की एक छोटा रकाना उरतो: कोणत्या ऑफिससाठी अर्ज करताय? मोठ्या फर्म साधारण दोन-तीन ऑफिसं पसंतीक्रमाने विचारतात. केसच्या, म्हणजे मुलाखतीत सोडवायला देतात त्या व्यवसायातल्या प्रश्नांच्या, सरावाला महिनोन्महिने देणारी मुलं इथे लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूर अशी ओळखीची नावं टाकून पुढे जातात, आणि ते बघून मला खरोखर वाईट वाटतं. मी आता या क्षेत्रात रुळले आहे, आलेले अर्ज वाचायलाही बसते. तुमचा अर्ज बहुतेक वेळा फर्मच्या नावावर असला तरी वाचला जातो त्या ऑफिसात. जागा तिथल्या, मुलाखत घेणारे तिथले, तुलनाही तिथेच आलेल्या बाकीच्या अर्जांशी. नकार मात्र बहुधा अख्ख्या फर्मचा समजला जातो, आणि पुन्हा अर्ज करायला वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं.

सुरुवात भाषेपासून करा, कारण यादीतली बरीच नावं तिथेच गळतात. जर्मनी, फ्रान्स, ब्राझील, जपान इथल्या ऑफिसांत आपापसांत इंग्रजी चालत असेलही, पण क्लायंट त्याच्या भाषेत बोलतो. कारखान्यातल्या सुपरवायझरशी चर्चा, संचालक मंडळासमोरचं सादरीकरण, सगळं स्थानिक भाषेत. मुलाखतीतली एखादी केसही त्याच भाषेत येऊ शकते. मी मास्टर्स जर्मनीत केलं आणि माझी जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, पोचली होती. म्युनिकमधल्या एका सीनियरना विचारलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, ‘क्लायंटचा सीएफओ (वित्तप्रमुख) चिडलेला आहे आणि तुझे आकडे मान्य करत नाही, तेव्हा त्याला जर्मनमध्ये पटवशील?’ दुकानात, घरमालकाशी, विद्यापीठात माझं छान भागत होतं. पण त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असंच होतं. म्युनिक यादीतून काढलं आणि दुबई वर आणलं. लंडन, डब्लिन, सिडनी, सिंगापूर, दुबई, अमेरिकेतली ऑफिसं इंग्रजीवर चालतात. मॉन्ट्रियलला फ्रेंच लागते, हे कॅनडाचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मग व्हिसा. हा विषय रूक्ष वाटतो, पण ऑफर हातात येऊनही गाडी इथे अडू शकते. अमेरिकेत एच-वन-बीच्या, म्हणजे कुशल नोकरदारांच्या व्हिसाच्या, वर्षाला ६५,००० जागा, अधिक तिथल्या विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी २०,०००. अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून लॉटरी. तिथे शिकणाऱ्यांना स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवी असेल तर ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीचे, १२ आणि वाढीव २४ असे ३६ महिने काम करता येतं, त्यामुळे लॉटरीत एकाहून जास्त वेळा नाव घालता येतं. कितीतरी विद्यापीठांनी एमबीएलाही स्टेमचा दर्जा मिळवून दिला आहे. प्रवेश घेतानाच हे तपासा. बाहेरून थेट अर्ज करणाऱ्यांची वाट मात्र फार अरुंद झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लागू झालं, आणि नवख्या माणसासाठी एवढी रक्कम कोणती फर्म भरेल?

ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पाउंड आहे. तिथेच शिकून पहिली नोकरी घेणाऱ्यांना त्यात सवलत मिळते. सिंगापूरची कंपास ही गुणांची पद्धत २०२३ मध्ये आली. एम्प्लॉयमेंट पाससाठी (तिथला नोकरीचा परवाना) त्यात ४० गुण लागतात, आणि तुमच्या देशाचे किती लोक त्या कंपनीत आधीपासून आहेत यावरही गुण ठरतात. म्हणजे ‘तिथे आपले खूप लोक आहेत’ ही गोष्ट तिथे तुमच्या विरोधात जाऊ शकते. वॉशिंग्टन आणि कॅनबेरामधलं पुष्कळ काम सरकारी असतं, त्यातल्या बऱ्याच कामांना सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय कामासाठीची सरकारी मंजुरी) लागतो आणि तो बहुतांशी नागरिकांनाच मिळतो.

एवढ्यातून उरलेल्या ऑफिसांत नेमकं काम काय चालतं, ते बघा. ह्यूस्टन आणि कॅलगरी म्हणजे तेल-वायू, पर्थ म्हणजे खाणी, फ्रँकफर्ट म्हणजे बँका, स्वित्झर्लंडमध्ये बँका, विमा आणि औषधं. हेल्थकेअरची आवड असलेल्याने पर्थ पहिलं टाकलं, तर पार्टनरला, म्हणजे फर्मच्या भागीदार वरिष्ठाला, त्याचा अर्थ लागत नाही.

आखाताबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथलं आयुष्य मी जगते आहे. पाटी दुबईची असली तरी काम मोठ्या प्रमाणात सौदीत. २०१६ मध्ये व्हिजन २०३० ही सौदीची आर्थिक बदलाची योजना जाहीर झाली, तेव्हापासून रियाधमध्ये सरकारी कामाचा ओघ आहे. १ जानेवारी २०२४ पासून तर सौदीत प्रादेशिक मुख्यालय नसलेल्या परदेशी कंपन्यांना सरकारी कंत्राटं मिळणं कठीण झालं आहे, म्हणून फर्मही रियाधकडे सरकताहेत. सौदीचा कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार. अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी केली. प्रोजेक्ट रियाधमध्ये आणि घर दुबईत असेल तर रविवारी पहाटे विमान पकडायचं, गुरुवारी रात्री परत यायचं. नवऱ्याची सुट्टी शनिवार-रविवार, माझी शुक्रवार-शनिवार. निवांत एकत्र असा एकच दिवस. काम मला मनापासून आवडतं. पण दुबई पहिली पसंती टाकण्याआधी घरच्यांशी हे बोलून घ्या.

यालाच जोडून एक प्रश्न कॉफी चॅटमध्ये, म्हणजे फर्ममधल्या लोकांशी होणाऱ्या अनौपचारिक गप्पांत, प्रत्येकाला विचारा: स्टाफिंग, म्हणजे प्रोजेक्टवरची नेमणूक, ऑफिसपुरतं होतं, की प्रदेशभर? काही फर्म शक्यतो आपल्याच शहरातल्या क्लायंटवर नेमतात, काही देशभरातून माणसं गोळा करतात. दुसऱ्या पद्धतीत ‘ऑफिस’ म्हणजे बाकी आठवडा क्लायंटकडे काढून तुम्ही शुक्रवारी जिथे बसता ती जागा, एवढंच.

मुलाखतीत ‘इथेच का?’ हा प्रश्न येतोच. शहर आवडतं, हे उत्तर पुरत नाही. तिथे शिकलात, जोडीदार तिथे आहे, भाषा येते, तिथल्या उद्योगात काम केलंय, यातलं काहीतरी खरं हवं. मी आधी वीजप्रकल्पांत काम केलं होतं आणि आखातातलं ऊर्जाक्षेत्र बदलतं आहे, एवढं मी साध्या शब्दांत सांगितलं. त्यानंतर समोरच्या पार्टनरने अर्धा वेळ सौरऊर्जेच्या निविदांवर गप्पा मारल्या.

दुसरी-तिसरी पसंतीही त्याच उत्तरात बसली पाहिजे. टोकियो, माद्रिद, टोरांटो अशी एकमेकांशी संबंध नसलेली नावं दिसली की वाचणाऱ्याला पहिल्या पसंतीबद्दलही शंका येते. एकच ऑफिस मनापासून हवं असेल आणि फॉर्म परवानगी देत असेल, तर बाकीचे रकाने रिकामे सोडा.

‘आधी कुठेही आत शिरू, मग बदली घेऊ’ असं बरेच जण म्हणतात. बदली होते, पण साधारण दीड-दोन वर्षांनी, चांगलं रेटिंग असेल तर, आणि घेणाऱ्या ऑफिसात जागा असेल तरच. अमेरिकेसाठी एल-वन व्हिसाला (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) लॉटरी नाही. मात्र आधीच्या तीन वर्षांत त्याच कंपनीत परदेशात सलग एक वर्ष काम झालेलं असावं लागतं. हा मार्ग मनात असेल तर ‘बदली होते का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळीकडे ‘हो’च असतं. गेल्या वर्षभरात या ऑफिसातून तुमच्या पातळीवरचं कोण, कुठे गेलं, ते विचारा.