दुसऱ्या मशीनवरचा प्रोग्रॅम आपल्या स्क्रीनवर आणताय? या चुका टाळा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा अर्धं बडोदा घरात अडकलं होतं, आणि मला सगळ्यात जास्त फोन आले ते 'ऑफिसचं मशीन घरून कसं उघडू' याचेच. पहिला फोन आतेभावाचा. तो मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम बघतो, तिथलं सॉफ्टवेअर लिनक्सच्या मोठ्या मशीनवर चालतं आणि हा दांडिया बाजारात घरी विंडोज लॅपटॉप घेऊन बसलेला. पुटी नावाच्या विंडोज प्रोग्रॅममधून एसएसएच, म्हणजे लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन, लागत होतं, पण प्रोग्रॅम चालू केला की 'कान्ट ओपन डिस्प्ले'. मग याने नेटवर शोधशोध करून व्हीसीएक्ससर्व्ह, म्हणजे विंडोजवर लिनक्सच्या खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम, टाकलं, त्यात 'डिसेबल अ‍ॅक्सेस कंट्रोल'वर टिक केली, डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये, म्हणजे खिडकी कुठल्या स्क्रीनवर काढायची ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये, घरचा आयपी हाताने घातला, आणि आता राउटरवर ६००० नंबरचा पोर्ट कसा उघडायचा एवढंच विचारायला मला फोन केला. म्हटलं दादा, आधी चहा पी, राउटरला हात लावू नकोस.

त्याने जे जे केलं ते सगळं एरर घालवण्यासाठी केलं होतं, आणि प्रत्येक वेळी एक एक कुलूप काढत गेला. मी आजवर बघितलेल्या बहुतेक भानगडी अशाच झाल्यात. म्हणून आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाटेल.

सर्व्हर कोण आणि क्लायंट कोण

लिनक्सवर खिडक्या दाखवण्याचं काम करते ती एक्स विंडो सिस्टीम, आणि तिच्यात आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. ज्याच्याकडे स्क्रीन, कीबोर्ड, माउस आहे तो सर्व्हर, म्हणजे तुमचा समोरचा लॅपटॉप. आणि लांबच्या मशीनवर चालणारा प्रोग्रॅम हा क्लायंट, तो तुमच्या लॅपटॉपला 'इथे खिडकी काढ, इथे रेघ मार' असं सांगतो. घर तुमचं, पाहुणा तिकडून येतो, असं धरा. ही सिस्टीम १९८४ मध्ये अमेरिकेत एमआयटीत सुरू झाली, आज जी चालते ती अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि तेव्हा एका कॅम्पसमधली मशीनं एकमेकांच्या ओळखीतली असायची त्यामुळे घरात आलेल्या पाहुण्याला कुठली खोली बंद ठेवायची असा विचारच फारसा नव्हता. आत आलेला एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीत काय टाइप होतंय ते वाचू शकतो, स्क्रीनचा फोटो काढू शकतो. तुम्ही एका खिडकीत ड्रॉइंग बघताय आणि दुसरीत रूटचा, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड टाकताय, तर तिसरा कोणी तो ऐकू शकतो. सगळी काळजी दारातच घ्यायची ती यासाठी.

आणि म्हणूनच 'एक्सहोस्ट प्लस' ही कमांड मला बघवत नाही. जुन्या प्रत्येक उत्तरात ती असते, टाकली की एरर जातो, माणूस खुश. पण ती दार सताड उघडते, तुमच्या डिस्प्लेपर्यंत पोचू शकणारा कोणीही आत. व्हीसीएक्ससर्व्हमधली ती टिक म्हणजे तेच, फक्त माउसने. तुम्ही आधीच टाकून बसला असाल तर 'एक्सहोस्ट मायनस' करा, आणि नुसतं 'एक्सहोस्ट' टाकून बघा, अ‍ॅक्सेस कंट्रोल एनेबल्ड असं आलं पाहिजे, खाली कोणाकोणाची नावं यादीत आहेत तीही वाचा.

खरी पद्धत याहून सोपी आहे हेच गंमतीचं. एसएसएच लावतानाच मोठ्या एक्सचा ऑप्शन द्यायचा, म्हणजे डॅश एक्स. पुटी असेल तर व्हीसीएक्ससर्व्ह ती टिक न करता चालू ठेवायचं, मग पुटीत डावीकडे कनेक्शन, त्यात एसएसएच, त्यात एक्स-११, आणि तिथे 'एनेबल एक्स-११ फॉरवर्डिंग'ची टिक, बास. मॅकवाल्यांनी आधी एक्सक्वार्ट्झ टाकायचं आणि टाकल्यावर एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करायचं, हे न केल्यामुळे अर्धा दिवस घालवलेला एक मित्र आहे माझा. यात प्रोग्रॅमचं सगळं बोलणं एसएसएचच्या बंद नळीतून येतं, लॅपटॉपला वाटतं पाहुणा घरातलाच आहे, त्यामुळे अ‍ॅक्सेस कंट्रोल काढावं लागत नाही, राउटरवर पोर्ट उघडावा लागत नाही, घरचा आयपी कोणाला सांगावा लागत नाही.

डिस्प्ले हाताने भरू नका

नळी लागली की एसएसएच स्वतःच तिकडच्या मशीनवर डिस्प्ले भरतं, साधारण 'लोकलहोस्ट कोलन १० पॉइंट ०' असं. दहा का, तर त्या मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनशी टक्कर नको म्हणून मोजणी दहापासून सुरू केलेली असते. दुसरं कोणी लॉगिन झालं की अकरा, मग बारा. पोर्ट बघायचा तर ६००० मध्ये हा आकडा मिळवा, म्हणजे ६०१०, पण तो फक्त त्या मशीनच्या आतच ऐकतो.

आता लोक काय करतात, कधीतरी कुठेतरी वाचून तिकडच्या मशीनवर आपोआप चालणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये डिस्प्लेची एक ओळ घालून ठेवतात आणि विसरून जातात. दरवेळी एसएसएच बिचारं बरोबर आकडा भरतं आणि ही ओळ तो पुसते. त्यात आयपी असेल तर आणखी वाईट, कारण मग प्रोग्रॅम नळी सोडून सरळ नेटवर्कवरून उघडाउघडी बोलायला जातो. आणि 'कोलन ०' असेल तर? एकदा मीच संध्याकाळी घरून एक प्रोग्रॅम चालू करत होतो, एररही नाही आणि खिडकीही नाही, तीनदा कमांड मारली. सकाळी ऑफिसात जाऊन बघतो तर माझ्या टेबलावरच्या मॉनिटरवर तीन खिडक्या एकावर एक उघडलेल्या, रात्रभर. मी तिथे लॉगिन सोडून आलो होतो, म्हणून त्या गुपचूप तिकडे उघडल्या. ओळ काढून टाका, दुसरा उपाय नाही.

टीमक्स किंवा स्क्रीन, म्हणजे लाइन तुटली तरी सेशन चालू ठेवणारे प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांना याचाच भाऊ भेटतो. कालचं सेशन आज परत जोडलं तर त्याच्या आत कालचाच डिस्प्ले बसलेला असतो, आजचा नंबर वेगळा. बाहेरच्या शेलमध्ये डिस्प्ले एको करून बघा आणि तोच आत एक्स्पोर्ट करा. इथे मात्र हाताने भरणं योग्य, हो.

फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड

लॉगिन होताना 'एक्स-११ फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड ऑन चॅनल ०' असं आलं तर प्रोग्रॅमला आणि लॅपटॉपला दोष देऊ नका, गडबड तिकडच्या मशीनवर आहे. मी या क्रमाने बघतो. आधी तिकडे एक्सऑथ, म्हणजे दारातली ओळख सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम, आहे का, कारण सर्व्हर म्हणून टाकलेल्या लिनक्समध्ये बऱ्याचदा नसतंच, आणि ते नसेल तर सेटिंग बरोबर असूनही काही होत नाही. मग तिकडच्या एसएसएच सर्व्हरच्या, म्हणजे एसएसएचडीच्या, कॉन्फिग फाइलमध्ये 'एक्स-११ फॉरवर्डिंग यस' आहे का, मूळ ओपनएसएसएचमध्ये ते नो असतं, उबुंटूच्या फाइलमध्ये यस करून दिलेलं असतं, म्हणून एका मशीनवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही. बदललं तर सर्व्हिस रिस्टार्ट, आणि आपण नव्याने लॉगिन, जुन्याच खिडकीत परत परत प्रयत्न करणारे खूप आहेत. एवढं करूनही नाही झालं आणि मशीनवर आयपीव्ही-६ बंद केलेलं असेल तर त्याच फाइलमध्ये 'अ‍ॅड्रेस फॅमिली आयनेट' लिहून बघा, हे सहज सुचत नाही पण मला दोनदा लागलंय.

आणखी एक वेडं कारण म्हणजे तिकडच्या होम फोल्डरची जागा भरलेली असणं. प्रत्येक लॉगिनला एक कुकी, म्हणजे पाहुण्याने दारात सांगायचा परवलीचा शब्द, डॉट एक्सऑथॉरिटी नावाच्या फाइलमध्ये लिहिला जातो. डिस्क फुल्ल असली की तो लिहिला जात नाही, आणि एरर येतो ऑथॉरिटी फाइल लॉक होत नाही असा काहीतरी. माणूस तासभर परमिशन बघत बसतो. आधी डीएफ ही कमांड टाकून जागा बघा.

नळी तपासायला पहिल्याच फटक्यात तुमचं जडजूड सॉफ्टवेअर चालवू नका. एक्सआइज चालवा, दोन डोळे येतात आणि माउसमागे फिरतात. उबुंटूत ते एक्स-११-अ‍ॅप्स पॅकेजमध्ये मिळतं. डोळे आले म्हणजे नळी ठीक, पुढची भानगड सॉफ्टवेअरची.

मोठा एक्स की मोठा वाय

डॅश एक्स म्हणजे अनोळखी पाहुणा, त्याला बैठकीच्या पुढे सोडत नाहीत. डॅश वाय म्हणजे घरचाच माणूस, सगळीकडे मुभा. काही प्रोग्रॅम डॅश एक्सने विचित्र वागतात, क्लिपबोर्ड चालत नाही किंवा मधेच बंद पडतात, मग लोक सवयीने सगळीकडे वाय लावतात. आपल्या स्वतःच्या मशीनवर वाय लावायला माझी हरकत नाही. पण जिथे दहा जणांकडे रूट आहे अशा मशीनवर वाय म्हणजे त्या दहाही जणांना तुमच्या लॅपटॉपचा कीबोर्ड ऐकायची सोय. तिकडचा रूट तुमची कुकी वाचू शकतो ना.

डॅश एक्सची आणखी एक खोड, वीस मिनिटांनी नवीन खिडक्या उघडायचं बंद होतं. सकाळी चाललं, चहा पिऊन आलो तर नाही, असं सांगणाऱ्यांचं बहुतेक हेच असतं. आपल्या बाजूच्या कॉन्फिगमध्ये फॉरवर्ड एक्स-११ टाइमआउट वाढवता येतो. डेबियन-उबुंटूवाल्यांना हे जाणवत नाही कारण तिथे डॅश एक्स आतून वायसारखाच वागतो, तसं सेट करून दिलंय. म्हणजे 'मी तर एक्सच लावतो, मी सुरक्षित' हा भ्रम.

सुडोचं, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याचं, थोडक्यात. साध्या युजरने चालतं आणि सुडोने 'राँग ऑथेंटिकेशन' येतं कारण कुकी तुमच्या नावावर आहे, रूटच्या नाही. यावरही लोक एक्सहोस्ट प्लस मारतात. अहो, खिडकीवाला एडिटर रूटने चालवायचाच कशाला, सिस्टीमची फाइल बदलायची तर सुडोएडिट आहे.

हळू चालतंय

हे चूक नसून बऱ्याचदा स्वभाव आहे. एक्समध्ये प्रोग्रॅम आणि स्क्रीन यांची सारखी प्रश्नोत्तरं चालतात, एकाच बिल्डिंगच्या वायरवर ती कळत नाहीत, पण घरच्या नेटवर प्रत्येक प्रश्नाला जायला यायला वेळ लागतो आणि मेनू उघडायला जांभई येते. डॅश मोठा सी लावून कॉम्प्रेशन चालू करा, मंद लाइनवर थोडा फरक पडतो, जादू होत नाही. थ्रीडी मॉडेल फिरवायचं असेल तर साध्या नळीतून अपेक्षाच ठेवू नका, त्यासाठी व्हर्च्युअलजीएल वेगळं आहे.

आणि खरी बोच पुढेच. लाइट गेली, राउटर बंद, एसएसएच तुटलं, की प्रोग्रॅम तिकडेही मरतो. सेव्ह न केलेलं काम गेलं. रस्ता खणताना केबल तुटणं आपल्याकडे काही नवीन नाही. म्हणून रोजच्या कामाला एक्सप्रा किंवा एक्सटूगो वापरा, यात प्रोग्रॅम तिकडे चालूच राहतो, तुम्ही येऊन परत जोडता, आणि दोन्ही एसएसएचवरून चालवता येतात.

काही जण मग व्हीएनसीकडे, म्हणजे तिकडची पूर्ण स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, वळतात, चांगलंय, पण जुन्या पद्धतीच्या व्हीएनसी पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं मोजली जातात आणि नंतरचं चित्र साधं उघडं जातं. तेव्हा व्हीएनसीला तिकडे लोकलहोस्टवरच बसवा आणि एसएसएचच्या डॅश मोठ्या एलने ५९०१ पोर्ट आपल्याकडे ओढून घ्या. राउटरवर ५९०० किंवा रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ जगाला उघडून ठेवला तर ते पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम लवकरच दार वाजवायला लागतात, तुमचा कारखाना छोटा आहे याचं त्यांना काही नसतं.

पुरानंतर दादाच्या ऑफिसने ते मशीन बदललं आणि त्याला लॉगिनला मोठी लाल वॉर्निंग आली की समोरच्या मशीनची ओळख बदललीये. तो नेहमीसारखा यस दाबणार होता. त्या दिवशी कारण खरं होतं, पण तसं फोन करून ऑफिसातल्या माणसाकडून त्या मशीनचा फिंगरप्रिंट, म्हणजे ओळखीची अक्षरं, वाचून घ्यायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या, कारण मधे कोणी बसलं असेल तर सांगणारी ती एकच ओळ आहे.

आता शेवटची तक्रार, त्याचीच. सगळं लागलं, डोळे फिरले, ड्रॉइंग उघडलं, आणि त्यातल्या मराठी नोंदींच्या जागी चौकोन चौकोन. याने लॅपटॉपवर तीन देवनागरी फॉन्ट टाकले, काही फरक नाही, परत फोन. मी विचारलं, दादा, प्रोग्रॅम कुठे चालतोय? थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, मकरपुऱ्याला. अक्षरं आता प्रोग्रॅम स्वतःच तिकडे काढून पाठवतो, म्हणून फॉन्ट तिकडच्या मशीनवर लागतो. ऑफिसातल्या माणसाने लोहित देवनागरी टाकला, दादाने प्रोग्रॅम बंद करून परत उघडला, आणि चौकोन गेले.